शिळ्या माहितीचा प्रश्न : यंत्रमानवाच्या सॉफ्टवेअरमधील संवेदकांची गती आणि प्रक्रियाकाल यांचा समीक्षात्मक विचार

प्रस्तावना

यंत्रमानवाविषयीचे लेखन प्रामुख्याने दोन प्रकारचे आढळते. एक वृत्तपत्रांतील कौतुकाचे, आणि दुसरे संशोधन-नियतकालिकांतील, सूत्रे, आकृत्या व कोष्टके यांनी भरलेले. पहिल्याची समीक्षा करण्याचे फारसे कारण नसते आणि दुसऱ्याची समीक्षा करण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. तो तज्ज्ञांचा प्रांत आहे अशी एक समजूत रूढ झाली आहे. वास्तविक संशोधनप्रबंध हीदेखील एक संहिता असते. तिच्यात काय सांगितले आहे याबरोबरच ते कोठे सांगितले आहे, काय ठळकपणे मांडले आहे आणि काय जाता जाता नोंदवले आहे हे पाहिले असता त्या विषयाची गृहीतके उघड होतात. प्रस्तुत लेखात अशा काही संहितांचा एका मर्यादित प्रश्नाच्या अनुषंगाने विचार केला आहे. यंत्रमानवाचे संवेदक, म्हणजे सेन्सर, ज्या गतीने माहिती पाठवतात ती गती आणि ती माहिती समजून घेण्यास सॉफ्टवेअरला लागणारा वेळ यांचा मेळ कसा घालायचा, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न वरवर पाहता केवळ हिशेबाचा वाटतो. एखादा कॅमेरा सेकंदाला ३० छायाचित्रे देतो आणि एका छायाचित्रातील अडथळे ओळखण्यास संगणकाला ५० मिलिसेकंद लागतात असे मानू. म्हणजे सेकंदाला २० छायाचित्रांचा निपटारा होतो आणि १० शिल्लक राहतात. ही शिल्लक रांगेत उभी राहिली, तर एका मिनिटात १८०० छायाचित्रे येतात, १२०० तपासून होतात आणि ६०० रांगेत साचतात. त्या क्षणी संगणक ज्या छायाचित्राकडे पाहत असतो ते चाळिसाव्या सेकंदाला टिपलेले असते, म्हणजे २० सेकंद जुने असते. यंत्रमानव सेकंदाला अर्धा मीटर या संथ गतीने चालत असला, तरी तो जेथे आहे असे त्याला वाटते त्याच्या १० मीटर पुढे तो प्रत्यक्षात पोहोचलेला असतो. यात कोणतेही उपकरण बिघडलेले नाही. कॅमेरा अचूक आहे, ओळखण्याची पद्धत अचूक आहे, एकही छायाचित्र हरवलेले नाही. तरीही यंत्रमानव भिंतीवर आदळेल आणि आदळल्यानंतर वीस सेकंदांनी भिंत दिसल्याचे नोंदवील. मराठीत यालाच वरातीमागून घोडे म्हणतात.

या उदाहरणावर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे अधिक वेगवान संगणक. हा उपाय चुकीचा नाही. पण त्यामुळे प्रश्नाचे स्वरूप झाकले जाते. प्रश्न वेगाचा असण्यापेक्षा माहितीच्या वयाचा आहे. भाकरी किती वेळात भाजली यावरून ती ताजी की शिळी हे ठरत नाही. ती केव्हा भाजली आणि केव्हा पानात पडली यावरून ठरते. यंत्रमानवशास्त्रातील काही नामवंत संहिता या दृष्टीने पुन्हा वाचल्या, तर त्यांच्याविषयीचे रूढ अभिप्राय बदलावे लागतात.

मोराव्हेक यांची गाडी : तिसरी गती

हान्स मोराव्हेक यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सिद्ध केलेल्या गाडीचे वर्णन त्यांच्या १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द स्टॅनफर्ड कार्ट अँड द सीएमयू रोव्हर' या प्रबंधात आले आहे. १९७९ साली या गाडीने खुर्च्या मांडलेली सुमारे २० मीटर लांबीची खोली कोणत्याही मानवी मदतीविना पार केली आणि त्यासाठी तिला सुमारे पाच तास लागले. गाडीवरील कॅमेरा एका आडव्या पट्टीवर सरकत असे व वेगवेगळ्या जागांवरून नऊ छायाचित्रे घेत असे. ती दूरच्या एका मोठ्या संगणकाकडे पाठवली जात. संगणक त्यांवरून अडथळ्यांची अंतरे काढी, मार्ग ठरवी आणि गाडी सुमारे एक मीटर पुढे सरके. मग पुन्हा छायाचित्रे, पुन्हा विचार. एका पावलाला १० ते १५ मिनिटे लागत.

या प्रयोगाचा उल्लेख बहुतेक पाठ्यपुस्तकांत 'त्या काळी संगणक किती मंद होते' या वाक्याच्या पुराव्यासारखा येतो. हे वाचन अपुरे आहे. ज्या अर्थाने संवेदकाची गती आणि प्रक्रियाकाल यांचा मेळ घालण्याचा आग्रह आज धरला जातो, त्या अर्थाने मोराव्हेक यांच्या गाडीत तो मेळ संपूर्ण होता. आधीचा विचार पुरा झाल्याशिवाय पुढचे छायाचित्र घेतलेच जात नव्हते. रांग नाही, साठा नाही, वगळलेली माहिती नाही. दोन गती तंतोतंत जुळवलेल्या होत्या, आणि तरीही ही गाडी उघड्या मैदानात नेल्यावर अडचणीत आली. कारण सावल्या. उन्हात पडलेल्या ठळक कडांच्या सावल्या हीच गाडीच्या दृष्टीने ओळखण्यास सर्वांत सोपी खूण होती, आणि गाडी विचार करीत असताना त्या सावल्या सरकत होत्या. आकाशात सूर्य तासाला १५ अंश सरकतो. १० ते १५ मिनिटांत तो अडीच ते पावणेचार अंश पुढे जातो. जमिनीवरील स्थिर वस्तू म्हणून नोंदवलेली कडा पुढच्या वेळी दुसऱ्याच जागी सापडे आणि नकाशा आपल्याशीच विसंगत होई.

म्हणजे येथे गती दोन नसून तीन आहेत. संवेदकाची, विचाराची आणि जगाची. पहिल्या दोन अभियंत्याच्या हातातील आहेत. तिसरी नाही. मोराव्हेक यांच्या प्रबंधात सावल्यांचा हा प्रसंग एका अपयशी फेरीचा वृत्तान्त म्हणून प्रांजळपणे येतो. त्यापासून सिद्धांत उभारण्याचा प्रयत्न मात्र लेखक करीत नाहीत. संहितेतील सर्वांत अर्थपूर्ण निरीक्षण असे तपशिलाच्या रूपात पडून राहते. संशोधनलेखनाची ही एक जुनीच खोड आहे. यशाला प्रकरण मिळते आणि अपयशाला परिच्छेद.

ब्रुक्स आणि विसरण्याचे तत्त्व

रॉडनी ब्रुक्स यांनी १९८१ साली स्टॅनफर्डमधूनच डॉक्टरेट मिळवली, म्हणजे मोराव्हेक यांची गाडी ज्या परिसरात अडखळत होती त्याच परिसरात ते घडले. पुढे एमआयटीमध्ये असताना १९८६ साली त्यांनी 'अ रोबस्ट लेयर्ड कंट्रोल सिस्टिम फॉर अ मोबाइल रोबॉट' हा प्रबंध प्रसिद्ध केला. आधी जग समजून घ्यावे, मग योजना करावी आणि शेवटी कृती करावी या तीन पायऱ्यांच्या परंपरेविरुद्धचे बंड म्हणून या प्रबंधाची ख्याती आहे. वर्तनाचे थर एकावर एक रचलेले असावेत, खालचा थर आदळणे टाळील, वरचा थर भटकेल, त्यावरचा शोध घेईल, आणि वरचा थर खालच्याला आवश्यक तेव्हा दडपून टाकील, ही त्याची मुख्य कल्पना. समीक्षकांनी आणि अनुयायांनी चर्चा केली ती बहुतांशी या थरांचीच.

प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने मात्र या प्रबंधातील खरे महत्त्वाचे विधान थरांविषयीचे नाही, ते तारांविषयीचे आहे. प्रत्येक घटकाला माहिती आणून देणाऱ्या तारेच्या टोकाशी केवळ एकच संदेश मावेल एवढी जागा ब्रुक्स ठेवतात. नवा संदेश आला की जुना पुसला जातो. मग तो वाचला गेला असो वा नसो. संदेश हरवू शकतात हे ते लपवीत नाहीत, उलट रचनेचा भाग म्हणूनच सांगतात. सर्व घटक आपापल्या गतीने चालतात, त्यांच्यात सामाईक स्मृती नाही. वर दिलेल्या उदाहरणातील रांग ब्रुक्स यांच्या रचनेत उद्भवूच शकत नाही. तेथे छायाचित्र हाती घेतले जाते तेव्हा ते फार तर ३३ मिलिसेकंद जुने असेल आणि तपासून होईपर्यंत ८३. वीस सेकंदांच्या तुलनेत हा फरक केवढा!

विसरणे हा दोष नसून गुण आहे, असे सांगणारी ही भूमिका संगणकशास्त्राच्या संस्कारांशी विसंगत होती. ज्या शास्त्रात एकही नोंद गहाळ होऊ न देणे ही कर्तव्यबुद्धी मानली जाते, बँकेच्या खात्यात आणि परीक्षेच्या निकालात ज्याची प्रतिष्ठा त्यावरच उभी आहे, त्या शास्त्रात हे विधान धीट होते. यंत्रमानवाचे सॉफ्टवेअर लिहिणारे बहुतेक जण आधी ते संस्कार घेऊन येतात आणि म्हणूनच पहिल्या प्रयत्नात रांग लावतात, हे अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अंतिम वर्षाचे प्रकल्प तपासणाऱ्या कोणाही अध्यापकाला परिचयाचे असेल.

परंतु ब्रुक्स यांची भूमिका जेवढी स्वच्छ, तेवढीच तिची मर्यादाही स्पष्ट आहे. ताजेपणा हा एकच निकष मानला की दोन वेगवेगळ्या क्षणांची माहिती जोडणे अशक्य होते. समोरून येणारी वस्तू किती वेगाने येत आहे हे एका वाचनावरून कळत नाही; दोन वाचने आणि त्यांमधील काळ लागतो. शिवाय एका संवेदकाची माहिती १०० हर्ट्झने आणि दुसऱ्याची १० हर्ट्झने येत असेल, तर दोन्ही तारांच्या टोकांशी असलेले संदेश 'सर्वांत नवे' असले तरी ते एकाच क्षणाचे नसतात. सर्वांत नवे असणे आणि समकालीन असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ब्रुक्स यांच्या १९८६ च्या प्रबंधात पहिलीचा विचार आहे, दुसरीचा नाही. कार्यालयाच्या मार्गिकांतून हिंडणाऱ्या संथ यंत्रमानवाला तो नसला तरी चालले. वाळवंटातून धावणाऱ्या मोटारीला चालणारे नव्हते.

स्टॅनली : एका प्रबंधातील दोन स्वर

८ ऑक्टोबर २००५ रोजी अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात झालेली डार्पा ग्रँड चॅलेंज ही चालकविरहित मोटारींची शर्यत स्टॅनफर्डच्या 'स्टॅनली' या मोटारीने जिंकली. सुमारे १३२ मैलांचे अंतर तिने ६ तास ५४ मिनिटांच्या आसपास पूर्ण केले. सेबास्टियन थ्रून व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली 'जर्नल ऑफ फील्ड रोबॉटिक्स' या नियतकालिकात या मोटारीचे जे सविस्तर वर्णन लिहिले, ते या क्षेत्रातील अत्यंत वाचनीय प्रबंधांपैकी एक आहे. त्याची भाषा नितळ आहे, मांडणी आत्मविश्वासाची आहे. त्यात दोन स्वर आहेत, आणि ते एकमेकांपासून बऱ्याच पानांच्या अंतरावर आहेत.

पहिला स्वर रचनेच्या वर्णनात ऐकू येतो. मोटारीतील सुमारे ३० सॉफ्टवेअर-घटक आपापल्या गतीने चालतात, त्यांवर कोणी मध्यवर्ती नियंत्रक नाही, कोणी कोणासाठी थांबत नाही. त्याऐवजी प्रत्येक माहितीवर ती केव्हाची आहे याचा शिक्का, म्हणजे टाइमस्टॅम्प, मारलेला असतो आणि निरनिराळ्या संवेदकांची माहिती जोडताना तो पाहिला जातो. थांबणे टळल्यामुळे विलंब कमी होतो. संवेदकाची माहिती आत आल्यापासून तिचा परिणाम चाकांवर होईपर्यंत सुमारे ३०० मिलिसेकंद लागतात, असे लेखक नोंदवतात. ताशी ३८ मैल या स्टॅनलीच्या कमाल वेगाच्या हिशेबाने या काळात मोटार ५ मीटरांहून थोडी अधिक पुढे जाते. हे अंतर शून्य नाही. पण ते माहीत आहे, आणि माहीत असलेल्या विलंबाची तरतूद करता येते.

याच ठिकाणी प्रबंधाचे एक मोठे यश सांगितले पाहिजे. छपरावरील लेसर-संवेदक खाली झुकवलेले होते आणि मोटार पुढे जाईल तशी जमीन रेषेरेषेने टिपत होते. शेजारच्या दोन बिंदूंच्या उंचीत ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक फरक आढळला, तर तेथे अडथळा आहे असे मानायचे. परंतु ते दोन बिंदू वेगवेगळ्या क्षणी टिपलेले असतील आणि मधल्या काळात मोटार किंचित डुलली असेल, तर सपाट रस्त्यावरही अडथळा 'दिसतो'. लेखकांनी येथे असे ठरवले की दोन वाचनांमध्ये जितका अधिक काळ गेला असेल, तितका त्यांतील फरकावर कमी विश्वास ठेवायचा. काळ हा येथे प्रथमच केवळ अडचण म्हणून न येता संशयाचे माप म्हणून येतो. मोराव्हेक यांच्या सावल्यांना जे उत्तर मिळाले नव्हते, ते सव्वीस वर्षांनी येथे मिळाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

दुसरा स्वर शर्यतीच्या निष्पत्तीच्या भागात आहे. शर्यतीच्या २२ व्या मैलानंतर काही लेसर-संवेदकांची माहिती मधूनमधून ०.३ ते १.१ सेकंद अडकून राहू लागली. असे १७ प्रसंग घडले आणि त्यांपैकी जवळजवळ सर्व २२ ते ३५ या मैलांच्या दरम्यान. अडकलेल्या माहितीवर चुकीच्या वेळेचा शिक्का बसला, त्यामुळे नकाशात नसलेले अडथळे उभे राहिले आणि चार वेळा मोटार मार्ग सोडून लक्षणीयरीत्या वळली.

येथे समीक्षकाने थांबले पाहिजे. पहिल्या स्वरात जो शिक्का साऱ्या रचनेचा आधार म्हणून गौरवला होता, तोच दुसऱ्या स्वरात अपघाताचे कारण ठरला आहे. पण प्रबंध या दोन गोष्टी समोरासमोर आणीत नाही. कोणी कोणासाठी थांबायचे नाही ही रचना तेव्हाच सुरक्षित असते, जेव्हा शिक्का खरा असतो. शिक्का ही साक्ष आहे. साक्षीदाराचीच उलटतपासणी कोण करणार, हा प्रश्न रचनेच्या वर्णनात विचारलेला नाही. माहितीचे वय कळावे म्हणून शिक्का. पण तो संवेदकाने टिपल्याच्या क्षणी मारला, की ती माहिती संगणकाच्या दारात पोहोचल्यावर मारला, यावर त्याची किंमत अवलंबून असते. टपाल खात्याचा शिक्का टपाल पेटीत पत्र पडल्याची तारीख सांगत नाही, कार्यालयात ते हाताळल्याची सांगतो. दोहोंमध्ये रविवार आला की फरक पडतो.

दुसरा मुद्दा सरासरीचा. सतरा प्रसंग प्रत्येकी कमाल १.१ सेकंदाचे धरले, तरी त्यांची बेरीज १९ सेकंदांच्या आत राहते. जवळपास सात तासांच्या शर्यतीत हा काळ एक दशांश टक्क्याहूनही कमी आहे. या क्षेत्रातील प्रबंधांत प्रक्रियाकालाची जी कोष्टके दिली जातात ती बहुधा सरासरीची असतात, आणि सरासरीत असा काळ पूर्णपणे विरघळून जातो. लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ सालीच दाखवून दिले होते की, ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारी कामे स्थिर प्राधान्यक्रमाने करणाऱ्या संगणकावर एकूण भार सुमारे ६९ टक्क्यांपर्यंत असेल, तर कामांची संख्या कितीही असो, प्रत्येक काम वेळेत होण्याची हमी देता येते. त्यापुढे ती हमी सरसकट देता येत नाही. म्हणजे संगणकाचा जवळपास तिसरा हिस्सा रिकामा ठेवणे ही उधळपट्टी नसून विमा आहे. पण सरासरीच्या कोष्टकात रिकामा वेळ हा नेहमी वाया गेलेला वेळ म्हणूनच दिसतो.

एक हरवलेले छायाचित्र

स्टॅनलीनंतर सोळा वर्षांनी हाच दोष मंगळावर प्रकटला. नासाच्या 'इंजेन्युइटी' या लहान हेलिकॉप्टरने १९ एप्रिल २०२१ रोजी पहिले उड्डाण केले आणि २२ मे २०२१ रोजी सहावे. या सहाव्या उड्डाणाचा वृत्तान्त मुख्य वैमानिक हॉवर्ड ग्रिप यांनी काही दिवसांतच प्रसिद्ध केला. तो प्रबंध नाही, छोटेखानी निवेदन आहे. पण काळाविषयीची त्यातील स्पष्टता अनेक प्रबंधांना हेवा वाटावी अशी आहे.

हेलिकॉप्टरमध्ये हालचाल मोजणारा संवेदक सेकंदाला सुमारे ५०० वाचने देत असे आणि खाली पाहणारा कॅमेरा सेकंदाला ३० छायाचित्रे. पहिला संवेदक वेगवान, पण त्याच्या चुका साचत जाणाऱ्या. दुसरा मंद, पण त्या चुका सुधारणारा. वेगवान वाचनांवरून आपण कोठे आहोत याचा सतत अंदाज करायचा, छायाचित्र आले की त्यावरील शिक्का पाहून ते ज्या क्षणी घेतले त्या क्षणी जमिनीवरील खुणा कोठे दिसायला हव्या होत्या हे काढायचे, आणि प्रत्यक्षातील फरकावरून अंदाज सुधारायचा. असमान गतींचा मेळ घालण्याची ही रीत ब्रुक्स यांच्या विसरण्याहून आणि साध्या रांगेहून कितीतरी प्रगल्भ आहे. येथे उशिरा पोहोचलेली माहिती फेकली जात नाही आणि ती ताजी असल्याचे सोंगही केले जात नाही. ती तिच्या जागी, भूतकाळात, नेऊन बसवली जाते.

उड्डाण सुरू झाल्यावर सुमारे ५४ सेकंदांनी एक छायाचित्र हरवले. केवळ एक. ते हरवण्याने काही बिघडले नसते. पण त्यानंतरच्या प्रत्येक छायाचित्रावर चुकीची वेळ पडू लागली. त्या वेळी हेलिकॉप्टर सेकंदाला ४ मीटर या वेगाने जात होते. एका छायाचित्राचे अंतर म्हणजे ३३ मिलिसेकंद. तेवढ्या काळात ते सुमारे १३ सेंटिमीटर पुढे जाते. ही चूक लहान आहे, पण ती प्रत्येक छायाचित्रागणिक पुन्हा पुन्हा येत राहिली, आणि यंत्र नसलेली चूक सतत सुधारू लागले. ते २० अंशांहूनही अधिक कोनात पुढेमागे हेलकावे खाऊ लागले. तरीही ते ठरलेल्या जागेपासून सुमारे ५ मीटरांच्या आत सुखरूप उतरले. याचे एक कारण रचनेत स्थैर्यासाठी ठेवलेली मोकळीक आणि दुसरे कारण विशेष लक्षणीय आहे. उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात कॅमेऱ्याची छायाचित्रे वापरायचीच नाहीत, असा निर्णय आधीच घेतलेला होता. त्या टप्प्यावर जमिनीजवळ अंदाजात एकाएकी उडी येऊ नये हा त्यामागचा हेतू होता; वेळ चुकलेल्या छायाचित्रांची कल्पना तेव्हा कोणाला नव्हती. जी माहिती सर्वांत भरवशाची मानली होती ती ऐन वेळी बाजूला ठेवल्यामुळे यंत्र वाचले. पुढे १८ जानेवारी २०२४ रोजीच्या ७२ व्या उड्डाणापर्यंत ते उडत राहिले.

स्टॅनली आणि इंजेन्युइटी या दोन प्रकरणांत साम्य नेमके कोठे आहे? दोन्ही ठिकाणी माहिती उपलब्ध होती, अचूक होती, तिच्यावर वेळेचा शिक्काही होता. शिळी माहिती शिळी म्हणून ओळखता आली तर ती निरुपद्रवी असते. ताज्याचा शिक्का घेऊन आलेली शिळी माहिती घातक ठरते. संवेदकाची गती आणि प्रक्रियाकाल जुळवण्याच्या चर्चेत हा भेद सहसा केला जात नाही, आणि त्यामुळे चर्चा मिलिसेकंद कमी करण्याभोवतीच फिरत राहते.

रॉस आणि न बोललेले पर्याय

आज जगभरातील आणि आपल्याकडीलही बहुसंख्य संशोधनशाळांत यंत्रमानवाचे सॉफ्टवेअर 'रोबॉट ऑपरेटिंग सिस्टिम', अर्थात 'रॉस' या सामाईक पायावर लिहिले जाते. २००७ च्या सुमारास सुरू झालेल्या या प्रणालीची पहिली पिढी मे २०२५ मध्ये अधिकृतरीत्या संपुष्टात आली. दुसरी पिढी डिसेंबर २०१७ पासून प्रचारात आहे. या दोन पिढ्यांतील शब्दसंग्रहाची तुलना उद्बोधक आहे. पहिल्या पिढीत संदेश स्वीकारणाऱ्याला रांगेची लांबी सांगता येई. पायथन भाषेत ती न सांगितल्यास रांगेला मर्यादाच नसे; म्हणजे आरंभीच्या उदाहरणातील वीस सेकंद हे काल्पनिक नव्हेत, ते एक शब्द न लिहिण्याचे फळ होते.

दुसऱ्या पिढीत परिस्थिती सुधारली. शेवटचे किती संदेश राखायचे, हरवलेला संदेश पुन्हा मागायचा की सोडून द्यायचा, दोन संदेशांत कमाल किती अंतर सहन करायचे आणि एखादा संदेश किती काळानंतर निरुपयोगी मानायचा, हे सर्व शब्दांत सांगता येते. शिळेपणाला या प्रणालीच्या भाषेत प्रथमच नाव मिळाले. मात्र काहीच न सांगितल्यास काय होते हे पाहिले, तर जुनी वृत्ती डोकावते. शेवटचे १० संदेश राखले जातात, ते पोहोचतील याची काळजी घेतली जाते, आणि संदेशाचे आयुष्य अमर्याद मानले जाते. संवेदकांसाठी एक वेगळा तयार संच आहे. त्यात ५ संदेश राखले जातात व हरवलेल्यांचा पाठपुरावा होत नाही. तेथेही आयुष्य अमर्यादच. सेकंदाला ३० छायाचित्रे आणि ५० मिलिसेकंदांची प्रक्रिया या आपल्या उदाहरणात १० ची रांग सतत भरलेली राहील आणि हाती येणारे प्रत्येक छायाचित्र सुमारे एक तृतीयांश सेकंद जुने असेल. वीस सेकंदांपेक्षा हे पुष्कळ बरे. परंतु हा तृतीयांश सेकंद कोणी निवडलेला नाही. तो दहा या आकड्यातून आपोआप निघाला आहे, आणि दहा हा आकडा कोणत्या यंत्राच्या वेगाशी वा कोणत्या जगाच्या गतीशी जुळवून घेतलेला नाही. सोयीसाठी ठेवलेला पर्याय हाही एक सिद्धांतच असतो. फक्त त्यावर कोणाची सही नसते.

अभ्यासक्रमाच्या रचनेने यात भर घातली आहे. नमुनाग्रहणाचा सिद्धांत इलेक्ट्रॉनिक्सच्या विभागात शिकवला जातो, रांगांचा सिद्धांत गणितात, कार्यांचे वेळापत्रक संगणकशास्त्रात आणि गतिशास्त्र यंत्र अभियांत्रिकीत. यंत्रमानवात हे चारही एकाच तारेवर एकत्र येतात, आणि त्या तारेची जबाबदारी कोणत्याच विभागाकडे नसते.

अलीकडील लेखनात हा प्रश्न पुन्हा मूळ रूपात उपस्थित झाला आहे. गूगल डीपमाइंडने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या 'आरटी-२' या प्रारूपात चित्र आणि भाषा दोन्ही समजणारी प्रचंड यंत्रणा थेट यंत्रमानवाच्या हाताला आज्ञा देते. तिची सर्वांत मोठी आवृत्ती दूरच्या संगणकांवर चालते आणि सेकंदाला १ ते ३ निर्णय देते, असे लेखकांनीच नमूद केले आहे. दूरचा संगणक, एक छायाचित्र, एक विचार, एक हालचाल. मोराव्हेक यांच्या गाडीची पावले येथे पंधरा मिनिटांवरून सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत आली आहेत, पण क्रम तोच आहे. प्रबंधातील प्रात्यक्षिके टेबलावर स्थिर ठेवलेल्या वस्तू उचलण्याची आहेत, आणि त्यांत ही यंत्रणा थक्क करणारी समज दाखवते. पाऊण मीटर उंचीच्या टेबलावरून कप निसटला, तर तो जमिनीवर पोहोचण्यास सुमारे ०.३९ सेकंद लागतात.